हिरव्या पाठीची नोट

वॉशिंग्टन शहरीं जाणाऱ्या प्रवाशानें काय काय पाहावें याची यादी तेथें राहणारा प्रत्येक आप्त आपल्या हातीं देतो. कॅपिटॉलचा घुमट, वॉशिंग्टनचा उंच स्तंभ, लिंकनचें स्मारक, चेरीच्या झाडांनीं वेढलेलें तळें, हें सर्व आम्हीं उभयतांनीं पहिल्या आठवड्यांतच उरकलें. परंतु ज्यानें बँकेच्या खिडकीमागें नोटा मोजण्यांत तीस वर्षें घालविलीं, त्याचे पाय शेवटीं कोणत्या दिशेस वळावयाचे हें सांगावयास नको. चौदाव्या रस्त्यावर, त्या तळ्यापासून फारसें दूर नाहीं अशा ठिकाणीं, दगडी खांबांची एक लांबच लांब इमारत आहे. १९१४ सालीं ती वापरांत आली. बाहेरून एखाद्या मोठ्या जिल्ह्याचें न्यायालय वाटावें. आंत मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नोटा छापल्या जातात. वरच्या बाजूस कांचेआडच्या वाटेनें प्रेक्षकांनीं जावयाचें आणि खालीं यंत्रांतून नोटांचे ताव पडत असतात ते पाहावयाचे, अशी तेथील व्यवस्था. “येथें दर्शन आहे, प्रसाद नाहीं,” असें आमच्या जांवयांनीं दारांतच बजावून ठेविलें होतें.

मला त्या तावांपेक्षां छपाईची रीत पाहण्यांत अधिक गोडी वाटली. पोलादी ठशावर चित्र खोदावयाचें, खांचांत शाई भरावयाची, वरची शाई पुसून टाकावयाची आणि मग कित्येक टनांच्या दाबाखालीं कागद त्या खांचांत बसवावयाचा. त्यामुळें शाई कागदास नुसती लागत नाहीं, उठून बसते. डोळे मिटून बोट फिरविलें तरी रेघांचा कंगोरा हातास लागतो. कागदही लांकडाच्या लगद्याचा नव्हे. त्यांत तीन भाग कापूस आणि एक भाग लिनन असतें, आणि मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डाल्टन गांवची क्रेन ही मंडळी १८७९ पासून तो सरकारास पुरवीत आली आहे. म्हणजे अमेरिकन नोट ही खरें पाहतां कागदापेक्षां कापडाच्या कुळांतली. या दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें माझी जी फजिती झाली ती यांच्याचपायीं.

ही इमारत उभी राहिली त्याच्या अर्धशतक आधीं या उद्योगाचा आरंभ झाला तो अगदीं अडचणीच्या वेळीं. यादवी युद्ध पेटलें, लिंकनच्या सरकारची तिजोरी कोरडी पडली, तेव्हां १७ जुलै १८६१ च्या कायद्यान्वयें पांच, दहा व वीस डॉलरच्या नोटा काढण्यांत आल्या. त्यांचें नांव ‘डिमांड नोट’. आपल्या सराफकट्ट्याच्या भाषेंत बोलावयाचें तर ती दर्शनी हुंडीच : न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन, सिन्सिनाटी किंवा सेंट लुइस, यांपैकीं जें गांव नोटेवर छापलें असेल तेथें नोट दाखवावी आणि नाणें घ्यावें. पाठ हिरव्या शाईची, म्हणून लोक तिला ‘ग्रीनबॅक’, हिरव्या पाठीची, म्हणूं लागले आणि तें नांव आजतागायत टिकलें. नोटेवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात. पण इतक्या नोटांवर सह्या करावयास त्यांना सवड कोठून असणार? म्हणून कारकुनांची फौज बसविली. ते बिचारे आपलें नांव लिहीत आणि त्याआधीं प्रत्येक वेळीं ‘फॉर द’, म्हणजे ‘अमक्याकरितां’, असे दोन शब्द हातानें लिहीत. थोड्याच दिवसांत शहाणपण सुचलें आणि ते शब्द ठशांतच खोदून घेतले. आरंभींच्या त्या हस्तलिखित ‘फॉर द’च्या नोटा आज अत्यंत दुर्मिळ झाल्या आहेत. हात दुखून आलेल्या एखाद्या कारकुनाच्या त्या दोन शब्दांसाठीं संग्राहक आतां हजारों डॉलर मोजावयास तयार असतात.

छपाई तेव्हां न्यूयॉर्कच्या खाजगी मंडळ्यांकडे होती. नोटा कापून वेगळ्या करण्याचें व त्यांवर मुद्रा उठविण्याचें काम मात्र २९ ऑगस्ट १८६२ रोजीं खजिन्याच्या तळघरांतील एका खोलींत सुरू झालें. माणसें किती? दोन पुरुष आणि चार बायका. फ्रान्सिस स्पिनर नांवाच्या त्या वेळच्या खजिनदारानें नोटा कापावयास स्त्रियाच नेमाव्या असा आग्रह धरला होता. कात्री बाईच्या हातीं अधिक सफाईनें चालते, असें त्याचें मत. सफाई अधिक, पण वेतन निम्में : पुरुष कारकुनास वर्षाचे बाराशें डॉलर, बाईस सहाशें. मीं हें वाचून दाखविलें तेव्हां आमच्या सौ.नीं नुसतें “हं” म्हटलें.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे म्हणून येथें एक गोष्ट सांगतों. १८८६ च्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फियांत आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली व त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या मालिकेची एक डॉलरची चांदीची पावतीनोट निघाली. तिच्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची पत्नी मार्था हिचें चित्र आहे. रमाबाई १८८८ च्या अखेरपर्यंत त्या देशांत व्याख्यानें देत, विधवांच्या शाळेसाठीं मदत गोळा करीत फिरत होत्या. त्यांच्या झोळींत पडलेल्या एकएका डॉलरांत ही मार्थाबाई बहुधा पुष्कळदां आली असेल. तशी एक नोट मीं पुढें एका टेबलावर पाहिली आणि इतर गिऱ्हाइकें खोळंबलीं असतांही ती हातांतून लवकर सुटेना.

हें टेबल मेरिलंडमधील एका गांवच्या हॉटेलांत होतें. शनिवार-रविवारीं तेथील मोठ्या सभागृहांत जुन्या नाण्यांचा व नोटांचा बाजार भरला होता. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण घेऊन मी आंत गेलों, पण येथें ना धूळ, ना आरडाओरडा. रांगेनें मांडलेलीं टेबलें, त्यांवर कांचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर वांकडी मान केलेला एक दिवा, आणि डोळ्यास भिंग लावून बसलेले वृद्ध गृहस्थ. घासाघीस होते तीही कुजबुजीच्या सुरांत.

१९२९ पूर्वींची अमेरिकन नोट आजच्या नोटेहून बरीच मोठी होती, जवळजवळ साडेसात इंच लांब. तेथले लोक थट्टेनें तिला घोड्यावर घालावयाची झूल म्हणतात. या झुलांवर कोरणाऱ्यांनीं काय काय खेळ केले आहेत! १९०१ च्या दहा डॉलरवर एक दांडगा गवा मान खालीं घालून उभा आहे. १८९९ च्या पांच डॉलरवर धांवता काळवीट अशा अर्थाच्या नांवाचा लकोटा जमातीचा नायक आहे. १८९० च्या हजार डॉलरच्या नोटेच्या पाठीवर तीन शून्यें अशीं फुगीर व हिरवीं काढलीं आहेत कीं संग्राहक तिला ‘थोरलें कलिंगड’ म्हणतात. तसलें एक कलिंगड २०१४ सालीं लिलावांत सुमारें तेहेतीस लक्ष डॉलरांस गेलें. इतक्या पैशांत नदीकांठची कलिंगडाची सारी वाडी येईल, असें मनांत आलें, पण बोललों नाहीं.

माझें मन बसलें तें १८९६ च्या एक डॉलरवर. त्या वर्षाच्या तीन नोटांस ‘शैक्षणिक मालिका’ म्हणतात, आणि सौंदर्यांत त्यांच्या तोडीची नोट अमेरिकेनें पुन्हां काढली नाहीं असें माझेंही मत झालें आहे. विल लो या चित्रकाराची ही कल्पना : इतिहासदेवता बसली आहे, शेजारीं एक कुमार उभा आहे, आणि ती त्याला नदीपलीकडचें वॉशिंग्टन शहर दाखवीत आहे. तोच स्तंभ, तोच घुमट, जे मी आठवडाभर पाहत होतों. एका बाजूस राज्यघटनेचें पुस्तक उघडलेलें. कडेनें पुष्पमालांत तेवीस थोरांचीं नांवें, त्यांत लिंकन आणि फ्रँकलिन यांच्याबरोबर इमर्सन आणि हॉथॉर्नसुद्धां. लेखकांचीं नांवें नोटेवर घालणारें सरकार विरळाच.

विक्रेत्यानें पिशवीवर पेन्सिलीनें ‘एक्स्ट्रीमली फाइन’ असें लिहिलें होतें आणि किंमत तीनशें पंचवीस डॉलर. या शब्दांची गंमत अशी आहे : संग्राहकांच्या भाषेंत ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, जिच्या चिंध्या व्हावयाच्या राहिल्या आहेत ती ‘गुड’. ‘फाइन’ म्हणजे पुष्कळ फिरलेली पण अजून अंग धरून असलेली. ‘व्हेरी फाइन’ला घड्या कांहीं थोड्या, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ला फार तर दोन-तीन हलक्या. त्याच्यावर जवळजवळ न वापरलेली, आणि सर्वांत वर जिला कोणाच्या खिशाचा वाराही लागला नाहीं अशी. आपल्याकडे वधूवरांच्या जाहिरातींत ‘साधारण’ या शब्दाचा जो अर्थ असतो तसाच कांहीं प्रकार.

मीं नोट उजेडांत धरली, कोपरे पाहिले, अनुक्रमांक वाचला, कागदांतले रेशमी धागे पाहिले. नोट अस्सल होती, यांत तिळमात्र शंका नव्हती. खोटी नोट ओळखण्यांत जन्म गेलेल्या माणसानें एवढी खात्री झाल्यावर आणखी काय पाहावें? घडी तर एकही दिसेना. पैसे मोजून दिले आणि विजयी मुद्रेनें घरीं आलों.

सौ. लेकीबरोबर स्वयंपाकघरांत होत्या. त्यांनीं हात पुसले, नोट घेतली, खिडकीशीं नेऊन तिरपी धरली, अंगठ्यानें एकवार चोळली.

“अहो, हिला धुतलेली आहे,” त्या म्हणाल्या.

मीं हंसून विचारलें, “हें कशावरून?”

“धुवून वर इस्त्री फिरविली आहे. मधोमध घडीची रेघ बघा, सपाट केली तरी जात नाहीं. आणि पदराच्या जरीवर कापड न घालतां इस्त्री केली कीं जर अशीच झोपते.”

मीं बोट फिरविलें. तो कंगोरा, ज्याचें कौतुक मी चार दिवसांपूर्वीं कांचेआडून करीत होतों, कोठेंच लागेना. तिरप्या उजेडांत मधली उभी रेघ, तिच्या दोहों बाजूंस आणखी दोन, अशा साऱ्या घड्या पाण्याखालच्या दोरीसारख्या दिसूं लागल्या. नोट अस्सल होती. तिचें तारुण्य तेवढें खोटें होतें. आणि तें ओळखावयास तीस वर्षांची नोकरी उपयोगी पडली नाहीं, याचें दुःख तीनशें पंचवीस डॉलरांच्या दुःखाहून कमी नव्हतें. बँकेच्या खिडकीवर आम्हीं दोनच प्रश्न विचारीत आलों : खरी कीं खोटी, आणि चालेल कीं फाटली. नोट आपलें वय लपवील, ही शंका कोणास कधीं आलीच नाहीं.

“मग आतां हिची किंमत काय?” सौ.नीं विचारलें.

“एक डॉलर,” मी म्हणालों, आणि तें अक्षरशः खरें होतें. १८६१ पासून काढलेली आपली नोट अमेरिकन सरकार आजही दर्शनी किंमतीस स्वीकारतें. त्या नोटेची कोपऱ्यावरच्या दुकानांत पावाची लादी मिळाली असती. आपल्याकडे १९४६, १९७८ आणि २०१६ असे तीन प्रसंग झाले. शेवटच्या प्रसंगाच्या रांगा मीं खिडकीच्या आंतून पाहिल्या आहेत, त्यामुळें हें अमेरिकन औदार्य मला नोटेवरच्या सर्व देवतांहून अधिक सुंदर वाटतें.

दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, दोघेंही बाजारांत गेलों. ज्यानें नोट विकली त्याचें टेबल रिकामें होतें; तो रात्रींच गाशा गुंडाळून गेला, असें शेजाऱ्यांनीं सांगितलें. दोन टेबलें सोडून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. माझा चेहरा पाहूनच बहुधा त्यांना सारें कळलें. त्यांनीं नोट घेतली, दिवा टेबलाच्या कडेशीं खालीं आणला आणि प्रकाश नोटेवरून आडवा सोडला. मग दिव्यासमोर धरून टांचण्यांचीं भोंकें दाखविलीं, चार होतीं. पूर्वीं लोक नोटा टांचणीनें एकत्र लावीत. (आपल्याकडे बँकाच पुडक्यांस तारा ठोकीत, रिझर्व बँकेनें २००१ सालीं तें बंद करविलें तेव्हां आमच्या शाखेंतला ठोकणारा शिपाई उदास झाला होता.) शेवटीं त्यांनीं जांभळ्या किरणांची एक लहान बत्ती लावली, जुना कापसाचा कागद तिच्याखालीं मंद राहावयास पाहिजे, तो धुतलेल्या धोतरासारखा निळसर चमकूं लागला. प्रामाणिकपणें विकावयाची तर किंमत तिसरा हिस्सा, असा त्यांनीं निकाल दिला. सौ.नीं इस्त्री कशी ओळखली हें ऐकून मात्र त्यांनीं टोपी काढली.

धुण्याचें एवढें वावडें कां, असें मीं विचारलें, तेव्हां ते हंसूं लागले. १९१२ च्या सुमारास खुद्द खजिन्यानें नोटा धुवून इस्त्री करण्याचीं यंत्रें बसविलीं होतीं. मळक्या नोटा साबणाच्या पाण्यांतून काढून पुन्हां चलनांत सोडीत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तो प्रकार थांबला. सरकारनें धुतली तर काटकसर आणि व्यापाऱ्यानें धुतली तर लबाडी, हा भेद मला प्रथम विचित्र वाटला. परंतु सरकार धुतलेली नोट नवी म्हणून जास्त भावानें विकीत नव्हतें, हें उघड आहे.

आतां अशा तंट्यांसाठीं पंच निर्माण झाले आहेत. २००५ सालीं फ्लॉरिडांत निघालेली एक मंडळी व तिच्यासारख्या दुसऱ्या, नोट तपासून सत्तरांपैकीं गुण देतात आणि कडक पारदर्शक वेष्टनांत तिला कायमची बंद करतात. धुतली असेल, दाबली असेल, भोंक बुजविलें असेल, तर तसा शेरा मारतात. हे सत्तर गुण कोठून आले? १९४९ सालीं विल्यम शेल्डन यानें तांब्याच्या जुन्या सेंटांकरितां हें कोष्टक केलें : सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची सत्तर. सेंटांचे भाव केव्हांच बदलले, पण सत्तरांचा आंकडा नाण्यांवरून नोटांवरही येऊन बसला. याच शेल्डननें न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्रसंस्थेच्या संग्रहांतील चांगले सेंट काढून त्यांच्या जागीं आपले हिणकस ठेविले होते, असें त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें. ज्याच्या काट्यानें सारा बाजार तोलतो, त्याचाच हात हलका!

गुणांच्या या पद्धतीशीं माझें पुरतें जमलें नाहीं, हेंही सांगून टाकतों. पासष्टाच्या वरच्या नोटा पाहिल्या, आणि कोरणाऱ्याचें काम पाहावयाचें तर तेथेंच पाहावें, हें मान्य. केस न् केस उठून दिसतो. पण या नोटेनें उभ्या आयुष्यांत एक दिवस चाकरी केली नाहीं; छापली आणि पेटींत गेली. तिनें कोणाचें भाडें दिलें नाहीं, कोणाची औषधाची बाटली आणली नाहीं. सारे गुण मात्र तिला.

मिशाळ गृहस्थांनीं मग न विचारतांच एक दुसरी पेटी पुढें सरकविली. तींत ‘नॅशनल बँक नोटा’ होत्या. १८६३ पासून १९३५ पर्यंत बारा हजारांहून अधिक गांवोगांवच्या बँकांना सरकारनें आपापल्या नांवाच्या नोटा काढूं दिल्या. ठसे सरकारचे, पण नोटेवर बँकेचें व गांवाचें नांव, सनदेचा क्रमांक, आणि सह्या त्या बँकेच्या अध्यक्षाच्या व कॅशियरच्या. छापलेले ताव बँकेंत येत. तेथें सह्या होत, मग कापले जात. कांहीं संग्राहक एकाच जिल्ह्याच्या बँका जमवितात, कांहीं ज्यांवर बाईची सही आहे तेवढ्याच नोटा. अशा अध्यक्षा व कॅशियर खरोखरीच होऊन गेल्या आहेत.

मीं उचलली ती आयोवा संस्थानांतील एका लहान गांवची, १९०२ च्या मालिकेची दहा डॉलरची. डाव्या हातास मॅकिन्ले यांचें चित्र. मधली घडी कापडासारखी मऊ झालेली, कडा झिजलेल्या, भोंकें सहा, एका कोपऱ्यावर तेलकट बोटाचा डाग. ‘फाइन’, बारा गुण. अध्यक्षाची सही रबरी शिक्क्याची; अध्यक्षांना सगळीकडे घाईच असते. कॅशियरनें मात्र टांकानें सही केली आहे, आणि ती तपकिरी पडत पडत नांवाच्या शेवटाशीं पुसट झाली आहे. दिवसाचा हिशेब मिटवून, दार लावून, दिव्याखालीं तावांवर सह्या करीत बसलेला माणूस कसा दिसतो हें मला ठाऊक आहे.

किंमत एकशें दहा डॉलर. सौ.नीं ती तिरपी धरली, अंगठ्यानें चोळली आणि मान हलविली. धुतलेली नव्हती. पैसे त्यांनींच दिले.

परत येतांना विमानांत मीं ती पुन्हां काढली आणि खिडकीच्या उजेडांत पाठ पाहिली. तेथें कोणी तरी पेन्सिलीनें एक बेरीज केली आहे. मिशाळ गृहस्थांनीं तिच्याबद्दल दोन गुण कापले होते. सदतीस अधिक अठरा. खालीं उत्तर पंचेचाळीस लिहिलें आहे. हातचा एक राहून गेला.